पावसाळ्यात येणाऱ्या बाळासाठी लंगोट, कापडी डायपर आणि खांद्यावरचे रुमाल : काय घ्यावं, किती घ्यावं?

सायली_डिचोली

नमस्कार मंडळी. जूनच्या शेवटी आमच्याकडे बाळ येणार आहे. बाळंतपण माहेरी, पेडण्याला. चवथ (गणेश चतुर्थी) झाली की डिचोलीला परत येईन. म्हणजे अख्खा पावसाळा पेडण्याच्या घरात. घर जुनं, मंगळुरी कौलांचं, पुढे लांब पडवी, पाणी विहिरीचं. वॉशिंग मशीन आहे, पण ड्रायर नाही.

आईने जुन्या सुती साड्या आणि बाबांची धोतरं काढून ठेवली आहेत. पुण्याची वहिनी म्हणते, आता कुणी लंगोट वापरत नाही, मी बटणवाल्या कापडी डायपरचा संच पाठवते. इंटरनेटवर बघायला गेलं की डोकं गरगरतं. पॉकेट, ऑल-इन-वन, इन्सर्ट, बूस्टर, बांबू, मायक्रोफायबर. यातलं आपल्या हवेत खरंच काय चालतं?

दुसरं म्हणजे, दूध पाजून ढेकर काढताना खांद्यावर टाकायला कसले रुमाल घ्यावेत? तयार संच बरेच महाग दिसताहेत.

डिस्पोजेबल अजिबात वापरणार नाही असा हट्ट नाही. पण रोजची पिशवीभर घाण कचऱ्यात टाकायची माझी तयारी नाही. गोव्यात राहून हे केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

अबोली_फोंडा

सायली, अभिनंदन! माझी मुलगी आषाढातली, त्यामुळे तुझा प्रश्न अगदी कळला.

सगळे विचारतात, कापड किती शोषतं. गोव्यात जुलैमध्ये विचारायचा प्रश्न वेगळा आहे : ते वाळतं कधी? जाहिरातीत दाखवतात तो जाड पॅड म्हणजे चार-सहा थर एकत्र शिवलेले. शोषतो भरपूर, पण पावसात पंख्याखाली टाकला तरी दुसऱ्या दिवशी मधला थर दमट लागतो. हाताला वरून कोरडा वाटतो, बोटांनी दाबलं की गारवा कळतो. तसाच बाळाला लावला तर कुबट वास येतो आणि अंगावर पुरळ उठतं. उलट मलमलचा एकेरी चौकोन पिळून पंख्याखाली पसरला तर काही तासांत खडखडीत. घडी घातली की त्याचेच आठ थर होतात, सोडला की पुन्हा एक थर.

म्हणून माझं स्पष्ट मत : पावसाळ्यातल्या बाळाला उलगडणारं कापड घे, शिवून जाड केलेलं नको. वहिनीने पाठवायचंच असेल तर तिला सांग, फक्त बाहेरची वॉटरप्रूफ कव्हरं पाठव, आत घालायला कापड आमच्याकडे आहे. कव्हर आतून पुसून परत वापरता येतं, शी लागली तरच धुवायचं, आणि ते वाळतंही झटपट.

ऑल-इन-वन प्रकार, म्हणजे पॅड कव्हरलाच शिवलेला, तो तर पावसाळ्यात नकोच. ऑक्टोबरनंतर हवा तेवढा घे.

नीलेश_वास्को

अबोलीताईंना अनुमोदन. आमच्याकडे धुण्याचं खातं माझ्याकडे होतं, म्हणून प्रकार थोडक्यात सांगतो.

साधा लंगोट : त्रिकोणी, नाड्यांचा. होजिअरीचा किंवा मलमलचा. एका शूपुरता. ओला झाला की लगेच कळतो, लगेच बदलावा लागतो. पहिल्या महिन्यात हाच सोयीचा, कारण तेव्हा बाळ दिवसातून दहा-बारा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा शू करतं आणि शीसुद्धा बऱ्याचदा होते.

चौकोन आणि कव्हर : साधारण ७० सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा, घडी घालून कव्हरमध्ये ठेवायचा. आमचा सगळा भर यावर होता.

पॉकेट : कव्हरच्या आत मऊ अस्तर आणि मधे खिसा. खिशात पॅड घालायचा, धुताना काढायचा. खिशात तयार पॅडऐवजी घडीचं कापडही घालता येतं, हे दुकानदार सांगत नाहीत. यात बहुधा मायक्रोफायबरचा पॅड येतो. तो कधीही थेट कातडीला लावायचा नाही. तो इतका ओढून घेतो की त्वचेचा ओलावाही शोषतो आणि अंग कोरडं, लाल होतं. तो खिशातच राहायला हवा. आणखी एक, मायक्रोफायबर पटकन शोषतो, पण बाळ बसलं, दाब आला की पाणी परत सोडतो. सुती आणि हेम्प (भांगेच्या झाडाच्या धाग्याचं कापड) हळू शोषतात पण धरून ठेवतात. रात्रीसाठी म्हणून सुतीच बरं.

कव्हरचं बाहेरचं कापड म्हणजे पॉलिएस्टरला मागून पॉलियुरेथेनचा पातळ थर चिकटवलेला. त्याला उकळतं पाणी, कडक इस्त्री आणि ब्लीच चालत नाही. थर सुटला की कव्हर गेलंच.

नवीन सुती पॅड आणला तर वापरण्याआधी चार-सहा वेळा धुवून घ्या. कच्च्या सुतात नैसर्गिक तेल असतं, ते निघेपर्यंत पाणी वरून ओघळतं. हे ठाऊक नसल्यामुळे लोक पहिल्याच दिवशी ‘गळतं’ म्हणून बाजूला टाकतात.

सत्तरीची_माई

सायली बाय, आईने धोतरं काढली ती सोन्यासारखी आहेत, टाकू नको. शंभरदा धुतलेलं कापड बाळाच्या अंगाला जसं लागतं तसं नवं कुठलंच लागत नाही. पाच वारी धोतराचे सहा-सात चौकोन निघतात. मधला भाग झिजून विरलेला असेल तर तो लंगोटाला नको, त्याची दुपटी कर किंवा पुसायला ठेव. काठाकडचं घट्ट कापड लंगोटाला. साडी घेताना सुतीच बघ. टेरिकॉट मिसळलेलं असेल तर ते पाणी पीत नाही.

शिवताना कडा जाड दुमडू नको, बाळाच्या मांडीला वळ उठतो. आम्ही नुसती बारीक धावदोऱ्याने कड मारायचो. नाडीची गाठ पोटावर मधोमध नको, एका बाजूला, आणि दोन बोटं जातील इतकी सैल.

पहिले दोन-तीन दिवस काळी चिकट शी होते. तिचे डाग जात नाहीत. त्या दिवसांसाठी अगदी जुनी फडकी वेगळी ठेव, वापरून टाकून दे.

खाली मेणकापड, त्यावर दुपटं, त्यावर बाळ. पण बाळ मेणकापडावर फार वेळ नको, पाठ घामाने भिजते आणि घामोळं येतं.

पंचवीस-तीस लंगोट पावसाळ्यात लागतातच. उन्हाळ्यात त्याच्या निम्म्यात भागतं.

परिचारिका_म्हापसा

बालरोग विभागात काम करते. माईंनी सगळं छान सांगितलंय, त्यात एक अगदी महत्त्वाची भर घालते. सायली, हे तुझ्या आईला आजच वाचून दाखव.

साड्या आणि धोतरं ट्रंकेत होती ना? त्यात डांबराच्या गोळ्या होत्या का? आपल्याकडे पावसाळ्यात कसर लागू नये म्हणून सर्रास घालतात. त्या गोळ्यांत नॅफ्थलीन असतं. काही बाळांमध्ये जी-सिक्स-पी-डी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते. मुलग्यांमध्ये ती जास्त दिसते. अशा बाळाला नॅफ्थलीनचा वास लागलेले कपडे घातले तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ झपाट्याने वाढते, आणि ती मेंदूपर्यंत पोचू शकते. कमतरता आहे की नाही हे घरी बघून कळत नाही. म्हणून नियम सगळ्यांसाठी एकच : नवजात बाळाच्या खोलीत आणि कपड्यांत डांबराची गोळी नको. त्या ट्रंकेतलं कापड बाळाच्या अंगाला लावायचंच नाही असं ठरवलं तर सर्वात उत्तम. वापरायचंच असेल तर आता मे महिन्यात, ऊन कडक असताना, पुन्हापुन्हा धुवून दिवसच्या दिवस उन्हात आणि वाऱ्यावर टाक. वास जराही उरला असेल तर ते कापड बाजूला ठेव. बाळाची गोधडी, कुंची, शाल यांनाही हेच लागू.

बाळाचे डोळे किंवा अंग पिवळं दिसलं, लघवी गडद झाली, दूध ओढेना, तर वाट बघू नये. डॉक्टरांकडे.

सत्तरीची_माई

ही गोष्ट आमच्या वेळी कुणी सांगितली नव्हती. बरं झालं लिहिलंस. माझ्या पेटीत वेखंड आणि वाळलेला कडुलिंबाचा पाला असतो, कसर लागत नाही. सायली, आईला विचार आणि इथे लिही.

अबोली_फोंडा

वाळवण्याबद्दल आणखी लिहिते, कारण खरी लढाई तिथेच आहे.

पावसात एक दोरी कधीच पुरत नाही. पडवीत एक, आत पंख्याखाली एक. पडवीतल्या दोरीवर पाणी निथळवायचं, तासाभराने आतल्या दोरीवर. लंगोट दोरीवर दुहेरी टाकू नको, एका कडेला चिमटे लावून पूर्ण सोड, मग हवा दोन्हीकडून लागते. मशीनमधला शेवटचा स्पिन दोनदा फिरव, अर्धं काम तिथेच होतं. शेवटी मध्यम गरम इस्त्री. इस्त्रीने उरलेला दमटपणा जातो आणि कापड मऊ होतं. इस्त्री फक्त सुती कापडावर, कव्हरवर नाही.

वीज जाते हे धरूनच चालायचं. म्हणून दोन दिवसांचा कोरडा साठा कायम कपाटात असला पाहिजे. माईंचा पंचवीस-तीसचा आकडा त्यासाठीच आहे.

आमच्या जुन्या घरात न्हाणीतल्या, अंघोळीचं पाणी तापवायच्या भाणाच्या चुलीवर दोरी बांधून लंगोट वाळवायचे. धग चांगली मिळते, पण धूर कापडात बसतो आणि तो बाळाच्या नाकाशी राहतो. मी ते टाळलं. विस्तव विझल्यावर उरलेल्या उबेत टाकायला हरकत नाही.

आणि दोरीवरून काढलेलं प्रत्येक कापड झटकून, उलटसुलट बघून मगच घडी. पावसात मुंग्या घरात येतात, कापडाच्या दुमडीत बसतात. दुधाचा वास असला तर हमखास.

तेजस्विनी_मडगाव

+१. झटकण्याला तर दहा वेळा +१.

केतकी_कुंडई

मी कारखान्यात नोकरी करते, पाळीची ड्यूटी. २६ आठवड्यांची रजा संपल्यावर काय, हे आधीच ठरवून ठेव. आमच्या पाळणाघराने कापडी डायपर घ्यायला आधी नकार दिला. मग मी घरूनच सगळं जोडून नेलं. प्रत्येक डायपर पॅडसकट तयार, बटणं लावून, डिस्पोजेबलसारखा सरळ चढवता येईल असा. सोबत चेनची वॉटरप्रूफ पिशवी. त्यांना फक्त काढून पिशवीत टाकायचं. मग त्या तयार झाल्या. त्या वयात पॉकेट प्रकार खरंच उपयोगी पडतात, तोवर ऊनही आलेलं असतं. म्हणून वहिनीला सांग, संच आत्ता नको, दिवाळीला पाठव. बाळाचं वजनही तोवर वाढलेलं असेल आणि ‘वन साइज’, म्हणजे बटणांनी लहानमोठा होणारा डायपर, नीट बसेल. नवजात बाळाच्या काडीसारख्या मांड्यांना तो सैल होतो आणि बाजूने गळतो.

रात्री मी डिस्पोजेबल वापरलं. त्याबद्दल कुणीही स्वतःला दोष देऊ नये. बाळंतिणीची झोप ही चैन नाही.

पर्वरीकर

डिस्पोजेबल वापराच, पण टाकायचं कसं तेही इथे लिहून ठेवतो. घनकचरा नियमांतच सांगितलंय की वापरलेलं डायपर नीट गुंडाळून वेगळं द्यायचं. ओल्या कचऱ्यात मिसळायचं नाही. शी आधी संडासात टाकायची. परसात जाळू तर मुळीच नये. आत प्लास्टिक आणि पाणी धरणारं जेल असतं, जाळल्यावर येणारा धूर त्याच बाळाच्या खोलीत शिरतो. आमच्याकडे ओहोळात फेकलेली डायपर पावसात फुगून पुलाच्या मोरीत अडकतात, पंचायतीचे कामगार हाताने काढतात. हे बघितल्यापासून आमच्या घरात दिवसा कापड, रात्री एक डिस्पोजेबल असं ठरलं.

तेजस्विनी_मडगाव

रुमालांबद्दल कुणीच लिहिलं नाही, ते मी लिहिते. माझा मुलगा प्रत्येक पाजणीनंतर दूध काढायचा, त्यामुळे या विषयात मी पदवीधर आहे.

तयार संच घेऊ नकोस. बरेचसे इतके छोटे असतात की खांद्यावर ठेवले की घसरतात आणि दूध नेमकं पाठीवर ओघळतं. चांगला रुमाल पुढे छातीवर वीतभर आणि मागे पाठीवर वीतभर उतरायला हवा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा फोंड्याला कुठल्याही कापडवाल्याकडे मीटरवर मलमल मिळते. तीच दुहेरी करून शिवून घे, साधारण ५० बाय २५ सेंटिमीटर. दोन थर पुरेत. टॉवेलचं कापड शोषतं जास्त, पण बाळाच्या गालाला घासतं आणि वाळतही नाही. सुती पंचा अर्धा कापला तरी काम झकास होतं. लेस, टिकल्या, भरतकाम काही नको. बाळाचं तोंड तिथेच टेकलेलं असतं.

रंग पांढरा किंवा फिका घे. दूध दही होऊन आलं, त्यात पिवळी किंवा हिरवी झाक आहे का, हे पांढऱ्यावर लगेच दिसतं. हिरवी उलटी झाली तर डॉक्टरांना त्याच क्षणी फोन. नुसतं दूध बाहेर येणं बहुतेक बाळांत असतंच, वजन वाढत असेल तर घाबरायचं नाही. चार महिन्यांच्या आसपास ते सर्वात जास्त असतं, बसायला लागल्यावर कमी होत जातं.

दूध मानेच्या वळीत जातं आणि तिथे राहिलं की आंबतं. कातडी लाल होते, वास येतो. प्रत्येक वेळी हनुवटी हलकेच वर करून ओल्या मऊ कापडाने पुसायचं आणि मग कोरड्याने टिपायचं. घासायचं नाही. पावसाळ्यात ही जागा सर्वात आधी बिघडते.

हे रुमाल आणि लंगोट एकत्र भिजवू नको. रुमालाला वेगळी छोटी बादली. आणि बाळ झोपलं की रुमाल तोंडाजवळ राहू देऊ नको. पाळण्यात कुठलंच सुटं कापड नको.

लाळेरी आत्ता घेऊ नकोस. लाळ तीन-चार महिन्यांनी सुरू होते. बारशाला कुणी विचारलं ‘काय देऊ?’ तर सरळ सांग, मलमलचे चौकोन द्या.

परिचारिका_म्हापसा

तेजस्विनीताईंचं हिरव्या उलटीचं वाक्य सगळ्यांनी लक्षात ठेवा.

पुरळाबद्दल थोडं. नुसत्या ओलाव्याने आलेली लाली बहुधा फुगीर भागावर असते, घड्या वाचतात. दिवसातून थोडा वेळ लंगोटाशिवाय मोकळं ठेवलं आणि झिंक ऑक्साइडचं मलम लावलं की उतरते. पण घड्यांमध्ये लालभडक चट्टा आणि आजूबाजूला सुटे लाल ठिपके दिसले तर ती बुरशी असते. तिला वेगळं औषध लागतं, ते डॉक्टरांनीच द्यायचं. पावसाळ्यात अशी बाळं खूप येतात. पावडर नको, ती श्वासात जाते. मलम लावलं तर वर पातळ जुनं कापड ठेवा, नाहीतर मलम लंगोटाला बसतं आणि तो पाणी शोषेनासा होतो. कपडे सुगंधी करणारं सॉफ्टनरही त्याच कारणाने नको. अँटिसेप्टिक द्रवात लंगोट बुचकळून तसेच वाळवायची पद्धत सोडा, त्याचा अंश कातडीला झोंबतो.

नाळ पडेपर्यंत लंगोटाची वरची कड बेंबीखाली दुमडायची.

आणि दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ताणून घट्ट बांधू नका. कमरेखाली सैल हवं, गुडघे बेडकासारखे बाहेर वळलेले राहू द्या. खुब्याचा सांधा त्यानेच नीट बसतो. जाड घडीचा लंगोट असेल तर पाय आपोआप तसे राहतात.

सायली_डिचोली

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला फोन केला. साड्यांच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या होत्या! बाबांची धोतरं मात्र रोजच्या कपाटातली, त्यात काही नव्हतं. म्हणून साड्या बाळासाठी घेणार नाही, आईनेच ठरवलं. धोतरांचे चौकोन होतील, उरलेले बाजारातून मलमल आणून. वहिनीला चार कव्हरं सांगितली, बाकी संच दिवाळीला. ती म्हणाली, हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझे पहिले चार महिने सोपे गेले असते.

एक शेवटचं विचारते. माहेरच्या विहिरीचं पाणी पावसात तांबूस येतं. पांढरे कपडे हळूहळू पिवळट होतात. लंगोटाला ब्लीच वापरू का?

नीलेश_वास्को

ब्लीच नको. पाणी तांबूस येतंय आणि कपडे पिवळट पडताहेत म्हणजे त्यात लोह असण्याची शक्यता मोठी आहे. क्लोरीनचं ब्लीच पडलं की ते लोह गंजून कापडात कायमचं बसतं आणि डाग वाढतात. आदल्या रात्री पाणी पिंपात भरून ठेव. सकाळी गाळ तळाला बसलेला असतो, वरचं पाणी दुहेरी मलमलमधून गाळून शेवटच्या खळबळण्याला वापर. छपराचं पावळीचं पाणी पहिल्या काही पावसांनंतर स्वच्छ येतं, तेही धुण्याला उत्तम.

जांभ्या जमिनीतल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ असतं, फेस भरपूर होतो आणि साबण लवकर सुटत नाही. पावडर कमी टाक आणि खळबळणं एकदा जास्त कर. धुतल्यावरही लंगोटाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर मात्र धुणं कमी पडतंय असं समज, पावडर थोडी वाढव आणि कोमट पाणी घे. ओले लंगोट दिवसभर पाण्यात बुडवून ठेवू नको, शी काढून खळबळून उघड्या टोपलीत ठेव. बाळ रांगायला लागल्यावर तर पाण्याने भरलेली बादली घरात नसलेलीच बरी.

पिवळट डाग राहिले तरी कापड स्वच्छ असतं. पाऊस उघडला की ओलं कापड उन्हात टाक, शीचे डाग उन्हाने फिके होतात.

सत्तरीची_माई

मलमल आणशील तेव्हा दुकानात एक टोक ओलं करून बघ. पाणी लगेच पसरलं तर घे, थेंब वर राहिला तर खळ जास्त आहे, ती आधी गरम पाण्यात भिजवून काढावी लागेल. हे सगळं मे संपायच्या आत उरकून घे बाय. एकदा पाऊस लागला की नवं कापड धुवून वाळवायला ऊन कुठून आणणार?